चंक्रमणाची मात्रा

प्रमेह व स्थौल्य यांच्या रुग्णास आपण सारेच चिकित्सक ‘रोज चालत जा’ असे हमखास सांगतो. औषधाच्या चिठ्ठीवर मात्रा, काल व अनुपान कटाक्षाने लिहिणारे आपण चालण्याच्या बाबतीत मात्र एवढ्यावरच थांबतो. रुग्ण चार दिवस उत्साहाने तासभर चालतो, पाचव्या दिवशी पोटऱ्या भरून येतात आणि पुढील भेटीत ‘वेळ मिळत नाही’ हे उत्तर ऐकावयास मिळते. हा दोष रुग्णाच्या मनोबलाचा नसून बहुधा आपल्या अपुऱ्या उपदेशाचा असतो.

सुश्रुतांनी चिकित्सास्थानाच्या २४ व्या अध्यायात अध्वा व चंक्रमण यांचे गुण पृथक् सांगितले आहेत. अध्वा म्हणजे दीर्घ वाटचाल. ती कफ, स्थौल्य व सौकुमार्य यांबरोबर वर्णाचाही नाश करते. देहास अतिपीडा न देणारे चंक्रमण मात्र आयुष्य, बल, मेधा व अग्नी यांची वृद्धी करणारे होय. भोजनोत्तर शतपावली ही याहून निराळी. तिला व्यायाम समजून समाधान मानणारे रुग्ण पुष्कळ आढळतात.

याच स्थानाच्या ११ व्या अध्यायात निर्धन प्रमेहीने पादत्राण व छत्री न घेता शंभर योजने चालावे, असा उपदेश आहे. येथे माझ्याकडून घडलेली एक चूक नोंदविणे मला अगत्याचे वाटते. साठी उलटलेल्या, जीर्ण प्रमेह असलेल्या एका निवृत्त शिक्षकांना मी पहाटे हिरवळीवर अनवाणी चालण्यास सांगितले. पायांची परीक्षा केली नाही. आठव्या दिवशी अंगठ्याखाली खडा रुतला. पायास सुप्ती असल्याने त्यांना तो कळलाच नाही. चादरीवर डाग दिसला तेव्हा व्रण खोल गेला होता. तो भरून येण्यास दोन महिने लागले. तेव्हापासून प्रमेहीस चालण्यास सांगण्यापूर्वी मी त्याचे तळवे, बोटांच्या बेचक्या व टाचांच्या भेगा पाहतो, १० ग्रॅम दाबाच्या नायलॉन धाग्याने स्पर्शज्ञान तपासतो, पायावरील नाडी चाचपतो. सुप्ती असल्यास अनवाणी चालणे वर्ज्य. मऊ, बंद, पुढे रुंद असलेले बूट व मोजे आवश्यक. ग्रंथोक्त उपदेश कोणत्या रुग्णास लागू करावयाचा, हे ठरविणे वैद्याचेच काम आहे.

सवय जडविण्याची युक्तीही आपल्याच ग्रंथांत आहे. चरकांनी सूत्रस्थानाच्या ७ व्या अध्यायात अहिताचा त्याग व हिताचे सेवन पादांशाने, मध्ये अंतर राखून करण्यास सांगितले आहे. ४० मिनिटे हे उद्दिष्ट असेल तर आरंभ १० मिनिटांनी करावा. चरकांचा क्रम दिवसांचा आहे. बैठे काम करणाऱ्यांसाठी मी तो आठवड्यांचा करतो. वेळ ठरलेली असावी व ती एखाद्या नित्यकर्मास जोडलेली असावी, जसे मुखमार्जनानंतर किंवा देवपूजेपूर्वी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट चालू नये. वेगाची मर्यादा बलार्धाची. श्वास तोंडाने घ्यावा लागला की थांबावे; चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, ही खूण रुग्णास चटकन समजते. ग्रीष्म, वर्षा व शरद ऋतूंत मात्रा कमी करावी. छातीत दाब किंवा भोवळ जाणवल्यास चालणे तत्काळ बंद करून तपासणी करून घ्यावी.

अलीकडे रुग्ण ‘दहा हजार पावले’ हा आकडा घेऊन येतात. हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. तो काही वैद्यकीय सिद्धान्त नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांना आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम पुरेसे आहेत. पावलांपेक्षा मिनिटे मोजणे वृद्धांना सोपेही जाते.

औषधालयाच्या चालकांना येथे एक विनंती आहे. चूर्ण नेण्यास दर पंधरवड्यास येणाऱ्या ग्राहकास ‘किती दिवस चालणे झाले?’ एवढे विचारावे व पुडीवरच आकडा लिहून द्यावा. तो इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्याही घेत असेल, तर चालण्याने रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. अशा व्यक्तीने उपाशीपोटी चालू नये व खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी. घाम, कंप, गोंधळ ही लक्षणे दिसताच ती घ्यावी. गोळ्यांची मात्रा मात्र ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याविना बदलू नये.