दंड पैशात नको, धावांत घ्या

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्यात मार्च संपत आला की ऊसतोडीला गेलेली माणसं परतू लागतात आणि त्याच सुमारास आयपीएल सुरू होते. दिवाळीपासून ओस पडलेल्या वाड्यावस्त्यांवर पुन्हा दिवे लागतात आणि बसस्थानकाजवळच्या हॉटेलात चहाबरोबर मुंबई इंडियन्सचा हिशेब मांडला जातो. मी इथल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. सुट्टीच्या दिवसांत तालुक्यातल्या टेनिस बॉलच्या स्पर्धांना पंच म्हणून उभा राहतो. त्यामुळे वाद अडला की "सरांना विचारा" असं होतं. गेल्या काही हंगामांत मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हा: "सर, हार्दिकला दर वेळी दंड कामून होतो? आन् ते बारा लाख नेमके कशाचे?"

हा प्रश्न एकट्या हार्दिक पंड्याचा नाही. पण आमच्याकडे सुरुवात त्याच्यापासून होते, कारण पाटोद्यात मुंबईवाले जास्त. रोहित शर्माने 2013, 2015, 2017, 2019 आणि 2020 अशी पाच विजेतेपदं मिळवून दिलेली. 15 डिसेंबर 2023 ला जाहीर झालं की पुढचा कर्णधार हार्दिक. गुजरातला त्याने पहिल्याच वर्षी, 2022 मध्ये, विजेतेपद मिळवून दिलं होतं, दुसऱ्या वर्षी अंतिम फेरीत नेलं होतं, त्यामुळे निवड वाऱ्यावरची नव्हती. तरीही लोकांच्या मनाला ती लागली. 2024 च्या हंगामात वानखेडेवर मुंबईच्याच प्रेक्षकांनी मुंबईच्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. आमच्या हॉटेलातही तेच सूर होते, आणि मला ते आवडलं नव्हतं. कर्णधाराला नावं ठेवायची तर त्याच्या निर्णयांवरून ठेवावीत. त्या हंगामात तशी जागाही भरपूर होती.

27 मार्च 2024, हैदराबाद. सनरायझर्सने 20 षटकांत 277 धावा केल्या. ट्रॅव्हिस हेड आणि अभिषेक शर्मा दिसेल तो चेंडू भिरकावत होते. जसप्रीत बुमराहने चौथं षटक टाकलं, त्यात पाच धावा दिल्या आणि मग तो थेट तेराव्या षटकात परत आला. मधल्या वेळात सामना हातातून गेलेला. त्या रात्री आमच्या गटात जो वाद पेटला तो मला आजही महत्त्वाचा वाटतो, कारण तो कुणाच्या चेहऱ्यावरून नव्हता, डावपेचांवरून होता. हाताशी चारच षटकं असलेला सगळ्यात चांगला गोलंदाज कधी वापरायचा? आग लागल्यावर लगेच, की शेवटासाठी राखून? माझं मत तेव्हाही हेच होतं की राखून ठेवलेलं षटक सामना संपल्यावर कामाला येत नाही. पुढे 14 एप्रिलला वानखेडेवर चेन्नईविरुद्ध शेवटचं षटक हार्दिकने स्वतः टाकलं. महेंद्रसिंग धोनीने चार चेंडूंत 20 धावा काढल्या, त्यात सलग तीन षटकार. चेन्नई जिंकली ती बरोबर 20 धावांनी. रोहितचं शतक त्यात वाया गेलं. मुंबई त्या वर्षी चौदांपैकी चार सामने जिंकून शेवटच्या, दहाव्या जागेवर राहिली.

आता दंडाकडे येतो.

आयपीएलमध्ये 20 षटकांचा डाव दीड तासात संपला पाहिजे. त्यात अडीच-अडीच मिनिटांच्या दोन विश्रांती धरलेल्या आहेत, म्हणजे प्रत्यक्ष खेळाला 85 मिनिटं. हिशेब केला तर एका षटकाला सव्वाचार मिनिटं. कुणाला दुखापत झाली, तिसऱ्या पंचाकडे निर्णय गेला, फलंदाजाने वेळ खाल्ला, तर तेवढी मिनिटं पंच सोडून देतात. उरलेला उशीर क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाच्या नावावर. 2024 पर्यंतचा नियम असा: हंगामात पहिल्यांदा उशीर झाला तर कर्णधाराला 12 लाख रुपये. दुसऱ्यांदा झाला तर 24 लाख आणि बाकीच्या खेळाडूंना प्रत्येकी 6 लाख किंवा सामन्याच्या मानधनाच्या 25 टक्के, यातलं जे कमी ते. तिसऱ्यांदा झाला तर कर्णधाराला 30 लाख आणि एका सामन्याची बंदी.

उशीर होतो कुठे, हे पंचाच्या जागेवरून स्पष्ट दिसतं. वेगवान गोलंदाजाची लांब धाव हे ठरलेलं उत्तर आहे, पण ते अर्धवट आहे. खरा वेळ जातो दोन चेंडूंच्या मध्ये. आमच्याकडे ज्वारी निघाली की मोकळ्या रानात सामने होतात. तिथलंच पाहा. गोलंदाजाला चौकार बसला की कर्णधार कव्हरवरून पळत येतो. खांद्यावर हात टाकून काहीतरी सांगतो. मग यष्टिरक्षकही येतो. लाँग ऑनला उभ्या असलेल्या पोराला हातवारे करून दहा पावलं डावीकडे सरकवतात, तो जास्त सरकतो, मग परत उजवीकडे. गोलंदाज धाव सुरू करणार तेवढ्यात कर्णधाराला फाइन लेग आठवतो. तोवर माझ्या घड्याळात पाऊण मिनिट गेलेलं असतं, आणि चेंडू टाकला जातो तो वाइड. म्हणजे तो पुन्हा टाकायचा. ज्याची योजना आधी ठरलेली असते त्याला हे करावं लागत नाही. उशीर हा बहुतेक वेळा गोंधळाचा पुरावा असतो. म्हणून मला वाटतं, बुमराहचा वाद आणि दंडाचा वाद हे दोन वेगळे वाद नाहीत. गोलंदाजी कशी फिरवायची याचा निर्णय वेळेत न घेणं, ही एकच गोष्ट दोन ठिकाणी दिसते.

हार्दिकला 2024 मध्ये हे तिन्ही दंड झाले. तिसरा झाला 17 मे रोजी लखनौविरुद्ध, मुंबईच्या हंगामातल्या शेवटच्या सामन्यात. मुंबई आधीच स्पर्धेबाहेर होती, पुढचा सामनाच नव्हता. त्यामुळे बंदी पुढच्या वर्षावर गेली आणि 23 मार्च 2025 ला चेन्नईत, चेपॉकवर, मुंबईचं नेतृत्व सूर्यकुमार यादवने केलं. चेन्नईकडून ऋतुराज गायकवाडने अर्धशतक ठोकलं आणि चेन्नई चार गडी राखून जिंकली.

बंदी अशी पुढच्या वर्षावर गेल्याचं ऐकून सोलापूरकडच्या एका कारखान्यावरून नुकताच परतलेला एक जण म्हणाला, "म्हंजे त्याच्याही अंगावर बाकी निघाली म्हना की!" हॉटेलात कुणी हसलं नाही. कारण बाकी काय असते ते इथे प्रत्येकाला माहीत आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस तापात गेला तरी खाडा पडतो आणि दिवसाला पाचशे रुपये, कुठे त्याहून जास्त, हिशेबातून कापले जातात. हंगामअखेर उचल फिटली नाही तर राहिलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते आणि पुन्हा त्याच मुकादमाबरोबर जावं लागतं. पाचशे रुपयांचा खाडा त्या कुटुंबाचा आठवडा मोडतो. 16 कोटी 35 लाखांना राखलेल्या खेळाडूला 12 लाखांचा दंड काय करतो? तिथेच बसलेल्या आमच्या बप्पांचं म्हणणं थेट होतं: "ज्याला दुखत न्हाई, त्याला दंड म्हनू नका." मला त्यात खोट दिसत नाही.

पैसा दुखत नाही, पण बंदी दुखते, आणि ती भलत्याच ठिकाणी दुखते. याचं सगळ्यात मोठं उदाहरण ऋषभ पंतचं. 2024 मध्ये राजस्थानविरुद्ध तिसऱ्यांदा उशीर झाल्याने तो 12 मे रोजी बंगळूरूविरुद्धच्या सामन्यात बसला. दिल्लीचं नेतृत्व अक्षर पटेलने केलं. बंगळूरूने 187 केल्या, दिल्ली 140 वर आटोपली. साखळी संपली तेव्हा दोन्ही संघांचे 14 गुण होते आणि सरस धावगतीवर बंगळूरू पुढे गेलं. पंत असता तर दिल्ली जिंकलीच असती असं मी म्हणणार नाही. पण राजस्थानविरुद्धच्या सामन्यातल्या उशिराचा फायदा राजस्थानला न मिळता बंगळूरूला मिळाला, एवढं तर कागदावर दिसतं. ज्याचा तोटा झाला त्याला भरपाई नाही, आणि ज्याचा संबंध नाही त्याच्या पदरात लाभ. पंच म्हणून मला हे मान्य होत नाही.

नियम करणाऱ्यांनाही ते पटलं असावं. 2025 चा हंगाम सुरू होण्याच्या दोन दिवस आधी मुंबईत कर्णधारांच्या बैठकीत ठरलं की उशिरासाठी थेट बंदी नको. आता दंडाबरोबर दोषांक मिळतात. ते तीन वर्षं खात्यावर राहतात आणि साठत गेले तर पुढे बंदी येऊ शकते. हार्दिकची जुनी बंदी मात्र माफ झाली नाही. दोषांकांचा बडगा गैरवर्तनालाही लागू आहे. लखनौचा फिरकीपटू दिग्वेश राठी बळी घेतल्यावर वहीत नाव लिहिल्याची खूण करायचा. त्याला आधी मानधनाच्या 25 टक्के, मग 50 टक्के दंड झाला. तो थांबला नाही, अखेर पाच दोषांक साठले आणि एका सामन्याला मुकला. आमच्या पोरांना ही शिक्षा जास्त वाटते. मला वाटत नाही. 2008 मध्ये हरभजन सिंगने श्रीशांतला थोबाडीत मारल्यावर त्याला उरलेल्या 11 सामन्यांना मुकावं लागलं होतं. माणसाच्या अंगावर जाणं आणि हवेत सही करणं यांत फरक आहे, तो शिक्षेतही दिसतो. तेवढं पुरे आहे.

पण उशिरावरचा खरा इलाज आयपीएलच्या नियमांतच आहे आणि त्याच्याकडे लोकांचं फारसं लक्ष जात नाही. ठरलेल्या वेळेत षटकं पूर्ण झाली नाहीत, तर उरलेल्या षटकांत वर्तुळाबाहेर पाचाऐवजी चारच क्षेत्ररक्षक ठेवता येतात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एकोणिसाव्या-विसाव्या षटकात सीमारेषेवरचा एक माणूस आत घ्यावा लागला, की फलंदाजाला एक दिशा मोकळी मिळते आणि गोलंदाजाला त्या बाजूला चेंडूच टाकता येत नाही. ही शिक्षा त्याच सामन्यात, त्याच प्रतिस्पर्ध्याच्या फायद्याची आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. दंड असावा तर असा.

जगातही हेच चाललं आहे. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू संघाचं सगळं आक्रमण चालवतो. चेंडू कुणाकडे फेकायचा हे तोच ठरवतो, त्यामुळे तिकडचे चाहतेही आपल्यासारखेच त्याच्या नावाने रात्री जागवतात. त्याने घड्याळाची मर्यादा ओलांडली तर पैसे मागत बसत नाहीत, संघाला जागेवर पाच यार्ड मागे ढकलतात. बेसबॉलमध्ये 2023 पासून चेंडू फेकणाऱ्याला घड्याळ लावलं आणि चुकला तर त्याच्याविरुद्ध एक चेंडू मोजायला लागले. सामन्याची सरासरी वेळ एका वर्षात 3 तास 4 मिनिटांवरून 2 तास 40 मिनिटांवर आली. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्येही आता दोन षटकांमध्ये 60 सेकंदांचं घड्याळ आहे. दोन ताकिदी, आणि तिसऱ्यांदा समोरच्या संघाला पाच धावा.

आमच्या रानातल्या स्पर्धांना घड्याळ दाखवणारा फलक नसतो. पण नाणेफेकीच्या वेळीच मी दोन्ही कर्णधारांना सांगतो: आठ षटकं ठरल्या वेळेत टाकली नाहीत, तर जेवढी राहिली तेवढी तुमच्या फलंदाजीतून कमी होतील. पहिल्या सामन्यात कुरकुर होते. दुसऱ्या सामन्यापासून पोरं षटक संपलं की आपापल्या जागेवर पळत जातात. क्षेत्ररचना आदल्या रात्रीच ठरवून येतात. याच जिल्ह्यातल्या, बीडच्या सचिन धसने 2024 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात 4 बाद 32 वरून उदय सहारनबरोबर डाव सावरला आणि 96 धावा केल्या, तेव्हापासून तर इथल्या पोरांना शिस्तीचं कौतुक सांगावं लागत नाही.

हार्दिकबद्दल माझं मत विचाराल तर 2024 च्या एप्रिलपेक्षा ते आज बरंच चांगलं आहे. त्याच वर्षी 29 जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात 16 धावा रोखून त्याने देशाला चषक मिळवून दिला आणि ज्या वानखेडेने हुर्यो उडवली त्याच वानखेडेने काही दिवसांत त्याच्या नावाचा जयघोष केला. पण घड्याळ त्याला अजून जमलेलं नाही. 1 जून 2025 ला अहमदाबादला पंजाबविरुद्ध मुंबई 203 धावा करूनही हरली, श्रेयस अय्यरने नाबाद 87 केल्या. सामन्यानंतर हार्दिकला 30 लाखांचा आणि श्रेयसला 24 लाखांचा दंड झाला. दोघांचाही तो पहिला नव्हता. म्हणजे आधीच्या लाखांनी काही शिकवलं नाही.

म्हणून माझी क्रिकेट मंडळाला विनंती आहे की हे लाखांचे दंड बंद करावेत. उशिराच्या प्रत्येक षटकामागे समोरच्या संघाला पाच धावा द्याव्यात आणि त्या तिथेच, धावफलकावर मांडाव्यात.