प्राध्यापकांना एआय शिकवायचा व्यवसाय: टूल दाखवू नका, सोबत बसा

मागच्या एका व्हिडिओत एक विषय ओझरता आला होता: कॉलेजच्या प्राध्यापकांना शिकवण्याच्या कामात एआय वापरायला मदत करणं. हा व्यवसाय म्हणून कसा करायचा, ते आज सविस्तर बघू. ज्यांना कॉम्प्युटर बऱ्यापैकी येतो, शिकवायची आवड आहे आणि हाताशी मोठं भांडवल नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी माझी फजिती सांगतो. एका कॉलेजात मी पहिलं सत्र घेतलं. दोन तासांत पंचवीस टूल दाखवली. टाळ्या पडल्या, फोटो निघाले, शाल-श्रीफळही मिळालं. महिन्याभरानं चौकशी केली, तर एकही जण काही वापरत नव्हता. एक ज्येष्ठ मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही आम्हाला अख्खं दुकान फिरवून आणलंत, पण पिशवीत काहीच पडलं नाही." दुसरं काम अर्थातच मिळालं नाही. तेव्हापासून मी एकच नियम पाळतो: टूल दाखवायचं नाही, त्यांचं एक काम त्यांच्यासोबत बसून पूर्ण करायचं.

गरज खरंच आहे का?

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं. विद्यार्थ्यांनी ते लगेच उचललं. प्राध्यापकांच्या मागे मात्र २०२० च्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे बदललेला अभ्यासक्रम, अंतर्गत मूल्यमापन, नॅकच्या फायली आणि सीओ-पीओचे तक्ते. तासिका तत्त्वावर शिकवणारे तर दोन-दोन कॉलेजांत धावतात. शिकायची इच्छा नाही असं नाही, निवांत बसून शिकायला वेळ नाही. तुमचा धंदा इथे आहे.

नेमकं काय विकायचं?

तीन कामांपासून सुरुवात करा.

१. जुन्या नोट्स युनिकोडमध्ये आणणं. मराठी माध्यमाच्या अनेक प्राध्यापकांकडे वर्षानुवर्षांच्या नोट्स श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडून आहेत. तो मजकूर एआयमध्ये टाकला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कन्व्हर्टरनं तो युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं, रफार डोळ्यांनी तपासा. बाहेरच्या इंग्रजी बोलणाऱ्या ट्रेनरला हे काम जमणार नाही, तुम्हाला जमेल.

२. प्रश्नपेढी आणि सरावाचे प्रश्न. नोटबुकएलएमसारख्या टूलमध्ये प्राध्यापकांच्याच नोट्स टाकल्या की ते प्रामुख्यानं त्यातूनच उत्तरं देतं. "प्रश्न काढून दे" एवढंच लिहू नका. वर्ग कोणता, प्रकरण कोणतं, किती गुणांचा प्रश्न, आठवणीवरचा की विचार करायला लावणारा, हे सगळं सांगायला शिकवा. आणि एक गोष्ट ठासून सांगा: एआय चुकीचं उत्तरही अगदी आत्मविश्वासानं देतं, अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावंही देतं. प्राध्यापकांनी तपासल्याशिवाय कागद वर्गात जाता कामा नये.

३. असाइनमेंटची नवी रचना. "जागतिकीकरणाचे परिणाम लिहा" असा प्रश्न दिला तर उत्तर मोबाईलमधूनच येणार. त्याऐवजी "तुमच्या गावच्या आठवडी बाजारातल्या तीन विक्रेत्यांशी बोला, पाच वर्षांत काय बदललं ते लिहा आणि वर्गात दोन मिनिटं सांगा" असं दिलं, तर विद्यार्थ्याला जागचं हलावंच लागतं.

इथे सांभाळा

"मुलांनी एआयनं लिहिलंय का ते पकडणारं सॉफ्टवेअर द्या," ही मागणी हमखास येते. गिऱ्हाईक मागतंय म्हणून देऊ नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचं असं टूल अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेलसाठी लिहिलेले ९१ निबंध सात डिटेक्टरमधून तपासले. माणसांनी लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंधांवर 'एआयचं लिखाण' असा शिक्का बसला. आता आपल्याकडची मराठी माध्यमातून आलेली मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिनं रात्रभर बसून साध्या इंग्रजीत निबंध लिहिला आणि तुमच्या सॉफ्टवेअरनं तिला चोर ठरवलं. तो डाग कोण पुसणार? त्यापेक्षा सरांना सांगा, शंका आली तर पाच मिनिटं समोर बसवून तोंडी विचारा.

आणखी दोन पथ्यं. विद्यार्थ्यांची नावं, गुण, फोन नंबर कुठल्याही एआयमध्ये टाकायचे नाहीत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्येच झाला आहे. आणि होऊ घातलेल्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेला तुम्ही हात लावायचा नाही, कितीही ओळख असली तरी.

पैशांचं गणित

एक उदाहरण घेऊ. एका विभागातले सहा प्राध्यापक. तयारीचे ८ तास, पहिलं सत्र २ तास, मग चार आठवडे दर आठवड्याला १ तास, फोनवरच्या शंकांचे मिळून ४ तास. झाले १८ तास. तासाला ५०० रुपये धरले तर ९,००० आणि प्रवासखर्च १,०००, म्हणजे १०,००० रुपये. दर तुमच्या गावाप्रमाणे बदला, पण तयारीचे तास धरायला विसरू नका. नवखे लोक नेमके तिथेच मार खातात.

कॉलेजचं बिल प्राचार्य, मग ऑफिस, मग अकाउंट्स असं फिरतं. म्हणून काम सुरू करण्याआधी लेखी पत्र घ्या, जमलं तर निम्मे पैसे आगाऊ. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सेवा व्यवसायाला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, तरी एकदा सीएला विचारून घ्या.

सुरुवात कुठून?

तुम्हाला ज्यांनी शिकवलं, त्या एखाद्या सरांकडे किंवा मॅडमकडे जा. "सर, तुमचं एक प्रकरण द्या, आपण दोघं मिळून करू," एवढंच म्हणा. हे पहिलं काम फुकट करा, पण त्यांचा किती वेळ वाचला ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या कॉलेजात ब्रोशरऐवजी ते पान दाखवा. स्टाफरूममध्ये एका प्राध्यापकानं दुसऱ्याला सांगितलं, की तुमची जाहिरात झाली.

या आठवड्याचा गृहपाठ हाच: एक सर, एक प्रकरण. करून बघा, आणि काय अडलं ते मला जरूर कळवा.