विणकामातला आधाराचा दोरा

लोकरीच्या विणकामात एक टाका सुईवरून निसटला की खालचे टाके एकाखाली एक सुटत जातात. जाळीच्या नक्षीत सुटलेले टाके उचलणे फारच जिकिरीचे, कारण मुद्दाम सोडलेली भोके आणि दोनाचा एक केलेले टाके ओळखूच येत नाहीत. म्हणून टाके मोजून बिनचूक ठरलेल्या ओळीत, सुईवरच्या प्रत्येक टाक्यातून वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा बोथट सुईने ओवतात. सुईवर अडकवलेल्या खुणेच्या कड्या मात्र त्यातून वगळायच्या. लोकर यासाठी नकोच. तिची लव आत अडकते. पुढे चूक झाली, तर दोऱ्यापर्यंत बिनधास्त उसवून बारीक सुईवर टाके परत घेता येतात.