रिकाम्या प्रोसेसरने किती गाढ झोपावं?

मागच्या भागात आपण शेड्युलर पाहिला: कोणत्या कामाला प्रोसेसर कधी द्यायचा हे ठरवणारा कर्नलचा भाग. पण द्यायला कामच नसेल तेव्हा काय?

पनवेलमध्ये जुलै 2020 मध्ये योटा कंपनीचं एनएम1 हे डेटा सेंटर सुरू झालं. त्यात 7,200 रॅकची सोय आहे. अशा ठिकाणी सर्व्हर रात्रंदिवस चालू असतात, पण त्यांचा प्रत्येक कोर रात्रंदिवस राबत नसतो. दोन विनंत्यांच्या मधल्या फटीत तो रिकामाच असतो. त्या फटीत जळालेल्या विजेचं बिल दोनदा भरावं लागतं: एकदा प्रोसेसरसाठी आणि एकदा त्याची उष्णता इमारतीबाहेर काढण्यासाठी.

म्हणून चिपमध्ये झोपेच्या पायऱ्या असतात, त्यांना सी-स्टेट म्हणतात. सी-1 मध्ये कोरचं घड्याळ थांबतं. सी-6 मध्ये कोर आपली स्थिती जतन करतो, स्वतःचा कॅश रिकामा करतो आणि त्याची वीजच तुटते. इंटेलच्या स्कायलेक सर्व्हर प्रोसेसरसाठी लिनक्सच्या तक्त्यात सी-1 मधून उठायला 2 मायक्रोसेकंद धरले आहेत, सी-6 मधून 133. शिवाय निदान 600 मायक्रोसेकंद झोप मिळणार असेल तरच सी-6 परवडतो.

थांब्यावर इंजिन बंद करावं की नाही, हे एसटीचा ड्रायव्हर गाडी किती वेळ थांबणार त्यावरून ठरवतो. कर्नलला तो वेळ आधी कळत नाही. अंदाज बांधावा लागतो. लिनक्सच्या 2.6.24 आवृत्तीत, म्हणजे 2008 च्या जानेवारीत, यासाठी सीपीयू-आयडल ही यंत्रणा आली. तिच्यातला 'मेनू' हा गव्हर्नर पुढचा टायमर कधी वाजणार आणि अलीकडच्या झोपा किती टिकल्या, हे पाहून पायरी निवडतो.

अंदाज चुकला की उत्तराला उशीर होतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे बूटच्या वेळी 'मॅक्स-सीस्टेट' 1 वर बांधणं. पण मग सगळे कोर सदासर्वकाळ अर्धवट जागे राहतात. वीज जातेच, शिवाय इतर कोर गाढ झोपल्यावर एखाद्या कोरला जो वाढीव टर्बो वेग मिळतो, तोही हातचा जाऊ शकतो.

त्याहून शहाणी वाट कर्नलनेच ठेवली आहे. घाईत असलेला प्रोग्राम 'सीपीयू-डीएमए-लेटन्सी' ही फाइल उघडून आपल्याला किती मायक्रोसेकंद उशीर चालेल ते लिहितो. त्याने 20 लिहिलं, तर वरच्या तक्त्यातला सी-6 बाद होतो आणि 10 मायक्रोसेकंदांत उठणारा सी-1ई चालतो. फाइल बंद होताच बंधन सुटतं. म्हणजे गरज असेल तेवढाच वेळ जागरण.

बदल करण्याआधी 'सीपीयू-पॉवर आयडल-इन्फो' चालवून कोर कोणत्या पायरीवर किती वेळ घालवतात ते पाहा. भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर असाल, तर खरी झोप बहुधा खालचा होस्टच ठरवतो. तिथे हे खटके फिरवून फारसं काही हाती लागत नाही.

पुढच्या भागात: जाग्या प्रोसेसरने किती वेगाने पळावं?