घरचे दूध, रतिबाचे दूध आणि कायदा

तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या काठच्या गावांत पहाटेची धार काढून झाली की दुधाला तीन वाटा फुटतात. काही दूध घरच्या चुलीवर जाते. काही गावातील संकलन केंद्रावर मोजले जाऊन संघाच्या टँकरमध्ये पडते. उरलेले किटल्यांत भरून मोटारसायकलीवरून जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, दोंडाईचा, शिरपूर अशा गावांतील रतिबाच्या घरी पोहोचते. ही तिन्ही दुधे एकाच म्हशीची असली तरी कायद्याच्या दृष्टीने ती एक नव्हेत. हा भेद ठाऊक नसल्यामुळे दोन समज पसरतात. सरकार आता घरचे दूध पिण्यावरही बंधन आणणार, ही भीती एकीकडे. आणि म्हैस आमची, दूध आमचे, ते कोणास कसे विकावे हे आम्हीच ठरवू, हा आग्रह दुसरीकडे. दोन्हींत तथ्याचा अंश आहे, परंतु दोन्ही अर्धवट आहेत.

प्रथम घरच्या दुधाचे पाहू. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली आणि त्याखालील नियम ५ ऑगस्ट २०११ पासून अंमलात आले. या कायद्याच्या कलम १८ मध्ये असे स्पष्ट म्हटले आहे की, शेतकरी, त्याचे शेतीकाम, त्याची पिके व त्याचे पशुधन यांस कायद्याच्या तरतुदी लागू नाहीत. कलम ३ मधील व्याख्येनुसारही शेतीचा व दुग्धोत्पादनाचा मूळ स्वरूपातील माल कायद्याच्या कक्षेत येतो तो शेतकऱ्याव्यतिरिक्त अन्य कोणाच्या हाती गेल्यावर. तेव्हा घरच्या गाईचे दूध धारोष्ण प्यावे की तापवून, चिकाचा खरवस करावा की तो सारा वासराला पाजावा, हे त्या घराने ठरवावयाचे आहे. त्यासाठी कोणीही निरीक्षक चुलीपाशी येणार नाही.

हे स्वातंत्र्य लहान समजू नये. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात काही कुटुंबांनी भागीत गाई ठेवून त्यांचे कच्चे दूध वाटून घेण्याची व्यवस्था केली होती. २०११ मध्ये तेथील एका न्यायाधीशाने, स्वतःच्या गाईचे दूध पिण्याचाही मूलभूत हक्क कोणास नाही, असे नमूद केले. त्या देशात राज्याराज्यांचे नियम निराळे असून, पिण्यासाठी कच्चे दूध एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन विकण्यास १९८७ पासून बंदी आहे. स्कॉटलंडने १९८३ मध्ये कच्च्या दुधाची विक्रीच बंद केली. शेजारच्या इंग्लंडमध्ये मात्र शेतकरी धोक्याची सूचना देऊन ते थेट ग्राहकास विकू शकतो. इटलीत कच्चे दूध देणारी यंत्रे चौकाचौकांत बसविली गेली आणि २००८ च्या अखेरीस सरकारने त्यांवर ‘उकळून प्यावे’ असा मजकूर लावणे सक्तीचे केले. आपल्या घरी ही सूचना सासूने सुनेला पिढ्यान् पिढ्या दिलेली आहे, हा भाग वेगळा.

आता विकावयाच्या दुधाचे. कच्चे, म्हणजे ४० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक न तापविलेले दूध विकण्यास आपल्याकडे बंदी नाही. परंतु विक्रेत्याची नोंद असली पाहिजे. जो उत्पादक नोंदणीकृत दूध सहकारी संस्थेचा सभासद आहे आणि आपले सर्व दूध त्या संस्थेलाच घालतो, त्याला २०११ च्या नियमांनी या नोंदणीतून सूट दिली. येथे ‘सर्व’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सकाळचे दूध संस्थेला आणि संध्याकाळचे दूध रतिबाला, असा परिपाठ असलेल्या उत्पादकास ही सूट मिळत नाही. गावातील चार घरांचे दूध गोळा करून शहरात नेणाऱ्यास तर ती मुळीच नाही. त्याच्या हाती आलेले दूध हे कायद्याच्या भाषेत अन्न झाले. घरी लोणी कढवून तूप विकणे किंवा खवा आटवून हलवायास देणे हाही अन्नव्यवसायच होय. दुधात पाणी घालणे हे गावात किरकोळ मानले जात असले तरी कमी प्रतीचे अन्न विकल्याबद्दल कलम ५१ अन्वये ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

रतीब घालणाऱ्या शेतकऱ्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. संस्थेत दुधाचा भाव स्निग्धांशावर ठरतो. रतिबाच्या घरी तो ओळखीवर ठरतो आणि बहुधा चार पैसे अधिक मिळतात. एक-दोन जनावरे सांभाळणाऱ्या बाईला हा पैसा रोखीने हाती येतो व तो घरखर्चास पडतो. तिला नोंदणीचे नाव काढताच कागदांचा धाक वाटतो, यात तिचा दोष नाही. विस्तार कार्यकर्त्यांनी ही नोंदणी म्हणजे परवानगीचे संकट नसून विक्रेत्याचा पत्ता आहे, एवढे तिला समजावून सांगितले व अर्ज भरून देण्यास मदत केली, तर निम्मे काम होईल.

पत्ता हवा कशासाठी, याचे उत्तर ग्राहकाच्या घरी आहे. गोठ्याचा मालक आपल्या म्हशीस ओळखतो. ती कधी गाभडली, तिच्या कासेला कधी दगडी झाली, तिला कोणते इंजेक्शन दिले, हे सारे त्याला माहीत असते आणि ते जाणूनच तो तिचे दूध घरी घेतो. शहरातील ग्राहकाला यांतील काहीही दिसत नाही. त्याच्या पातेल्यात फक्त पांढरे दूध पडते. आपल्या जिवावर आपण पत्करलेली जोखीम आणि दुसऱ्याच्या तान्ह्या मुलावर त्याच्या नकळत लादलेली जोखीम या दोन गोष्टी कायद्याने निराळ्या मानल्या आहेत, आणि ते योग्यच आहे.

जोखीम खरी आहे काय? धारोष्ण दुधाची महती पूर्वापार सांगितली जाते आणि तालमीतील पहिलवान ते आवडीने पीत आले. परंतु भूमध्य समुद्रातील माल्टा बेटाची हकीगत लक्षात घेण्याजोगी आहे. तेथील इंग्रज सैनिकांना महिनोन्महिने उलटून येणारा ताप जडत असे. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी त्याचा जंतू शोधला आणि १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामित यांनी तो जंतू तेथील दिसावयास धडधाकट अशा शेळ्यांत दाखवून दिला. १९०६ मध्ये छावणीत शेळीचे कच्चे दूध बंद होताच सैनिकांतील हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. बेटावरील नागरिकांस तो हुकूम लागू नव्हता. त्यांच्यात ताप येतच राहिला. गाई-म्हशींतील सांसर्गिक गर्भपात हा याच कुळातील रोग होय. क्षयाचे जंतूही कच्च्या दुधातून येऊ शकतात. दुधाला एक चांगली उकळी आणली की हे दोन्ही मरतात. दूध संघात ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड करतात, त्याचाही हेतू हाच.

खानदेशात दूध न तापविता पिण्याचा सरसकट रिवाज नाही. साय हवी असेल तर तापविणे आलेच. कच्चे दूध पोटात जाते ते आडवाटेने: गोठ्यात मुलाच्या तोंडात सोडलेली धार, आणि पंचामृत. तापवून निवविलेल्या दुधाचे पंचामृत केल्याने पूजेत उणे येते असे कोणी म्हणणार नाही, आणि तीर्थ घेणाऱ्या गर्भवतीस व लहान मुलांस ते सुरक्षित होते.

उकळण्याचा एवढा गुण असला तरी त्याच्याही आवाक्याबाहेरची एक गोष्ट आहे, आणि कापसाच्या या मुलखात तिच्याकडे अधिक लक्ष दिले पाहिजे. २०१८ मध्ये देशभरातून घेतलेल्या दुधाच्या ६,४३२ नमुन्यांत आरोग्यास घातक भेसळ आढळली ती केवळ १२ नमुन्यांत. परंतु अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेपेक्षा अधिक आढळले ३६८ नमुन्यांत. हे विष कोणी दुधात घालीत नाही. ओलसर सरकी ढेप, भुईमुगाची पेंड किंवा मका यांवर हिरवट-पिवळी बुरशी चढते. तिचे विष जनावराच्या पोटात गेले की रूप पालटून दुधात उतरते. १९६० मध्ये इंग्लंडात बुरशीची भुईमूग पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा हे विष प्रथम उमगले. दूध उकळल्याने ते जात नाही, संघाच्या यंत्रानेही जात नाही. ते थांबते फक्त गोठ्यात. ढेपेची पोती भिंतीपासून दूर व लाकडी फळ्यांवर रचावीत. पावसाळ्यात थोडी थोडीच आणावीत. कुबट वास आलेली किंवा गठ्ठे बांधलेली ढेप स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. ‘माणसाला नको ते जनावराला चालेल’ हा हिशेब येथे फसतो, कारण ते फिरून माणसाकडेच येते. दगडीवर दिलेल्या जंतुनाशक औषधांचेही असेच. बाटलीवर लिहिलेली मुदत संपेपर्यंत ते दूध संस्थेलाही घालू नये व रतिबालाही देऊ नये.

राहिली स्वच्छता. वैशाखात भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि दुपारी निघालेले दूध वाटेतच फाटते. धारेपूर्वी कास धुऊन कोरडी करावी, प्रत्येक सडाची पहिली धार वेगळ्या भांड्यात काढून गुठळ्या पाहाव्यात, आणि किटलीस ओले गोणपाट गुंडाळावे. दूध नासू नये म्हणून त्यात सोडा टाकणे ही भेसळच होय.

गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हातांनी ओढणारास दूध न पिताही ताप लागू शकतो. हातमोजे घालावेत व वार चुना टाकून खोल पुरावी. संध्याकाळी ताप, घाम व सांधेदुखी आठवडेच्या आठवडे चालली, तर गोठ्यात जनावर गाभडले होते हे डॉक्टरांस आपण होऊन सांगावे. एरवी हा ताप हिवतापात किंवा विषमज्वरात जमा होतो. सांसर्गिक गर्भपाताची लस २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात समाविष्ट आहे. ती फक्त कालवडींना व पारड्यांना, वयाच्या ४ ते ८ महिन्यांत, आयुष्यातून एकदाच देतात, आणि कानातील १२ आकडी बिल्ल्यावर तिची नोंद होते. ही मुदत एकदा टळली की पुन्हा येत नाही. म्हणून पारडीची जन्मतारीख गोठ्याच्या भिंतीवर त्याच दिवशी खडूने लिहून ठेवावी.