रायगडावरील सासू-सून : सोयराबाई आणि येसूबाई

धामापूरजवळच्या कुडाळचे नाव मराठ्यांच्या इतिहासात एका संस्कृत दानपत्राशी जोडलेले आहे. २४ ऑगस्ट १६८० रोजी संभाजी महाराजांनी कुडाळच्या बाकरे घराण्याला ते दिले. त्यात त्यांनी सावत्र आई सोयराबाई यांचे मन स्फटिकासारखे निर्मळ असल्याचे म्हटले आहे. दोनच महिन्यांपूर्वी याच सोयराबाईंच्या पक्षाकडून त्यांना रायगड ताब्यात घ्यावा लागला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या शब्दांचे महत्त्व कळते.

वाद वारसाचा

संभाजी महाराजांच्या मातोश्री सईबाई १६५९ मध्येच निवर्तल्या. त्यामुळे शृंगारपूरच्या शिर्के घराण्यातून आलेल्या येसूबाईंना सासू म्हणून लाभल्या त्या सोयराबाई. १६७४ च्या राज्याभिषेकात पट्टराणीचा मान त्यांचाच होता, तर युवराज होते संभाजीराजे. पट्टराणीचा पुत्र राजाराम की ज्येष्ठ पुत्र संभाजी, हा पेच तेथेच निर्माण झाला.

३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराजांचे निधन झाले. अण्णाजी दत्तो आदी मंत्र्यांच्या साहाय्याने सोयराबाईंनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसविले. मात्र त्यांचे सख्खे बंधू, सरसेनापती हंबीरराव मोहिते यांनी भाच्याऐवजी संभाजीराजांची बाजू घेतली आणि डाव फसला. १६८१ मध्ये दुसरा कट उघडकीस आला. अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी चिटणीस यांना देहदंड झाला. त्याच वर्षी सोयराबाईंचाही मृत्यू झाला. तो कसा झाला, याविषयी एकमत नाही. या काळाच्या अनेक कथा ज्या चिटणीस बखरीतून आल्या, तिचे कर्ते मल्हार रामराव हे बाळाजी आवजींचे वंशज होते आणि बखर घटनेनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिली गेली. त्यामुळे ती सावधपणेच वाचावी लागते.

सुनेचा निर्णय

या संघर्षाचा खरा शेवट १६८९ मध्ये झाला. फेब्रुवारीत संभाजी महाराज संगमेश्वर येथे पकडले गेले आणि ११ मार्चला त्यांची हत्या झाली. ‘श्री सखी राज्ञी जयति’ या मुद्रेने कारभार पाहणाऱ्या येसूबाईंचे पुत्र शाहू तेव्हा सात वर्षांचेही नव्हते. आपल्या मुलाचा हक्क पुढे करणे त्यांना शक्य होते. त्यांनी मात्र सोयराबाईंच्या पुत्राला, राजारामांना, राज्याची धुरा घ्यावयास सांगितले. सर्वांनी एकाच गडावर अडकून पडणे घातक ठरेल, हे ओळखून राजारामांना बाहेर पाठविण्यात आले. ५ एप्रिलला त्यांनी रायगड सोडला. पुढे जिंजीहून त्यांनी लढा चालविला.

नोव्हेंबरमध्ये रायगड पडला. येसूबाई आणि शाहू मोगलांच्या कैदेत गेले. शाहूंची सुटका १७०७ मध्ये झाली, तर येसूबाईंची १७१९ मध्ये, म्हणजे सुमारे तीस वर्षांनी.

वारसाचा प्रश्न मात्र संपला नाही. शाहू परतताच राजारामांच्या पत्नी, हंबीररावांच्या कन्या ताराबाई यांनी त्यांचा हक्क नाकारला आणि त्यातून सातारा व कोल्हापूर या दोन गाद्या झाल्या. तरीही १६८९ मध्ये ही फूट पडली असती, तर औरंगजेबाशी लढण्यास एक नेतृत्व उरले नसते. लोककथेत भांडण उरले आहे. ते मिटविण्यासाठी सुनेने मोजलेली किंमत मात्र क्वचितच सांगितली जाते.