अचानक बंद पडणारा संगणक काय सांगत असतो?

तुम्ही काम करत बसला आहात आणि एकदम स्क्रीन काळी होते. कसलीही सूचना नाही, पंख्यांचा आवाजही थांबलेला. अशा वेळी बहुतेक जण म्हणतात, 'जुना झाला, आता नवा घ्यायला हवा.' पण असं बंद पडणं हे बऱ्याचदा बिघाडापेक्षा बचाव असतो. आतल्या एखाद्या भागाला धोका जाणवला आणि त्याने वीज तोडली. म्हणून नवा संगणक घेण्याआधी तो कोणी बंद केला आणि का, हे शोधा. त्याआधी एक काम मात्र आजच करा: फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवा. फाईल लिहिली जात असताना वीज गेली, तर ती फाईल खराब होऊ शकते.

आता पंचनामा. आपल्या बेलव्ह्यूच्या शेजारी, रेडमंडला तयार झालेल्या विंडोजमध्ये घडामोडींची नोंदवही असते. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा, 'विंडोज लॉग्ज' आणि मग 'सिस्टम' असं जा. बंद पडल्याच्या वेळेजवळ १०७४ क्रमांकाची नोंद असेल, तर कुणी माणसाने किंवा प्रोग्रॅमने, उदाहरणार्थ अपडेटने, रीतसर बंद करायला सांगितलं होतं. 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद असेल, तर तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी संगणक नीट बंद झाला नव्हता. ४१ म्हणजे कारण नव्हे. तिच्या तपशिलात 'बगचेक कोड' पाहा. तो शून्य असेल, तर बहुधा विंडोजला काही कळायच्या आतच वीज गेली. शून्य नसेल, तर निळी स्क्रीन आली होती, आणि मग ड्रायव्हर किंवा मेमरी तपासायला हवी.

कोड शून्य असेल, तर पुढचा प्रश्न: संगणक नेमका केव्हा बंद पडतो?

जड काम सुरू झाल्यावर दहा-वीस मिनिटांनी पडत असेल, तर आधी उष्णतेवर संशय घ्या. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. बऱ्याच प्रोसेसरांत ही मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तरीही तापमान चढतच राहिलं, तर विंडोजला न विचारता वीज तोडली जाते. इथे खोलीचं तापमानही मोजायचं. पंखा फक्त खोलीतलीच हवा फिरवतो, त्यामुळे खोली १५ अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो. २८ जून २०२१ ला सिअॅटलमध्ये १०८ फॅरनहाइट, म्हणजे ४२ सेल्सिअस, तापमान नोंदलं गेलं आणि आपल्या भागातल्या अनेक घरांत एसी नव्हता. एरवी ८० अंशांवर निभावणारा संगणक अशा दिवशी थेट मर्यादेला टेकतो.

उपाय स्वस्त आहे. संगणक बंद करून प्लग काढा, धातूच्या सांगाड्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या आणि दाबलेल्या हवेच्या डब्याने धूळ उडवा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोताने ती वेगात गरगर फिरून पंखा खराब होऊ शकतो. कार्पेटवर ठेवलेला संगणक वर उचला, तिथली धूळ आणि कुत्र्या-मांजराचे केस थेट आत जातात. एवढं करूनही तापमान उतरलं नाही, तर प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदला.

गेम सुरू करताच, क्षणात बंद पडत असेल, तर पॉवर सप्लायकडे वळा. आधुनिक ग्राफिक्स कार्ड एखाद्या मिलिसेकंदापुरतं नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतं. पॉवर सप्लायला हा झटका झेपला नाही, तर तो स्वतःला बंद करतो. त्याची एक खूण आहे: बटण दाबून संगणक सुरू होत नाही, पण मागचा स्विच बंद करून किंवा प्लग काढून थोडा वेळ थांबलं की सुरू होतो. इथल्या भिंतीतल्या सॉकेटला भारतासारखं बटण नसतं, म्हणून ही चाचणी करायचं सहसा सुचत नाही. नवं ग्राफिक्स कार्ड आणि जुना पॉवर सप्लाय अशी जोडी असेल, तर संशय आणखी पक्का. मात्र पॉवर सप्लायची पेटी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब उरलेला असू शकतो.

कामाशी काहीच संबंध दिसत नसेल, तर घरातली वीज बघा. साधारण पॉवर सप्लाय वीज गेल्यावर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, म्हणजे इथल्या ६० हर्ट्झ विजेचा जेमतेम एक फेरा. म्हणून वादळात दिवे नुसते लुकलुकतात, पण संगणक बंद होतो. १९ नोव्हेंबर २०२४ च्या वादळात आपल्याकडे झाडं तारांवर कोसळली आणि अनेक घरं कित्येक दिवस अंधारात राहिली. पण त्यापेक्षा साधे वारेही डेस्कटॉप बंद पाडायला पुरतात. हिवाळ्यात हीटरही तपासा. १५०० वॉटचा हीटर १२० व्होल्टवर १२.५ अँपिअर ओढतो, आणि खोलीचं सर्किट बहुधा १५ अँपिअरचं असतं. त्याच सर्किटवर संगणक असेल, तर हीटर सुरू होताना दाब घसरू शकतो. दोन्ही वेगवेगळ्या सर्किटवर लावा. यूपीएस असेल, तर तिची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत थकते आणि मग यूपीएसमुळेच संगणक बंद पडू लागतो. थेट भिंतीला जोडून बघा.

भारतातून संगणक आणला असेल, तर पॉवर सप्लायवरचं लेबल वाचा. '१००-२४०' लिहिलेलं असेल, तर काळजी नाही. फक्त '२००-२४०' असेल, तर तो इथे चालवू नका. काही जुन्या सप्लायवर ११५/२३० असा लाल स्विच असतो. इथे तो ११५ वर हवा. तोच संगणक भारतात परत नेताना मात्र प्लग लावण्याआधी २३० वर सरकवा, नाहीतर सप्लाय जळेल.

तपासाचा क्रम खर्चाप्रमाणे ठेवा: आधी नोंदवही आणि सॉकेट, मग धूळ, मग पेस्ट, आणि शेवटी पॉवर सप्लाय. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन दिवस वाट पाहा. जळका वास किंवा ठिणगी दिसली, तर मात्र चाचणी तिथेच थांबवा, प्लग काढा आणि जाणकाराला दाखवा.